स्वतःच्या पायांनी

दुसऱ्या महायुद्धाला पन्नास वर्षं झाली, म्हणून वेंडेल अमेरिकेहून ग्वाडलकनाल बेटावरच्या आमच्या टेकडीवर आला होता. मी फोडून दिलेलं शहाळं पीत तो म्हणाला, "माझे वडील ऑर्व्हिल हार्गिस इथेच लढले. मांडीत गोळी घुसली, तरी तीन दिवस एकटे जंगल तुडवत किनाऱ्यावर पोचले. तुमचा एकही माणूस मदतीला आला नाही. सगळे भेकड पळून गेले होते म्हणे."

मी खाली रताळी खणणाऱ्या थोरल्या भावाला हाक मारली.



"ऑर्व्हिलदादा, वर ये जरा. बाबांनी ज्याला तीन दिवस पाठीवर वाहून नेलं आणि ज्याचं नाव तुला ठेवलं, त्याचा मुलगा आलाय. म्हणतोय, त्याचा बाप चालत गेला."