टाळ्यांच्या पायऱ्या

पदवीदानाच्या गाऊनच्या बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

“दुमड जरा,” आई म्हणाली. “भाड्याने देताना माप बघत नाहीत का ही माणसं?”

“गर्दी होती,” तो म्हणाला.

गाऊन भाड्याचाच होता, पण तो आणला होता त्याच्या खोलीतल्या लंबूने. लंबू पास झाला होता. हा एका विषयात गचकला होता, आणि घरी फोनवर मात्र तोंडातून ‘पास’ निघून गेलं होतं. एकदा निघालेला शब्द परत तोंडात कसा घालणार?

“बाबांनी भिंतीत खिळाही ठोकून ठेवलाय,” आई म्हणाली. “पायऱ्यांवरचा फोटो घेतल्याशिवाय परत येऊ नकोस म्हणालेत.”

खिळा कुठे असणार हे त्याला विचारावं लागलं नाही. आईच्या फोटोशेजारी. दोन वेण्या, छातीशी पुस्तकं, मागे विद्यापीठाचं कारंजं. घरी कुणीही आलं की बाबा त्या फोटोपाशी उभे राहून ‘ही पण तिथलीच पदवीधर’ असं सांगायचे. याचे मार्क कळले की मावशी आधी फोटोकडे बघायची, मग याच्याकडे, आणि नुसता उसासा टाकायची.

विद्यापीठ दाखवायला म्हणून त्याने आईला नेलं, पण तीच त्याला दाखवत सुटली. ग्रंथालयातल्या लोखंडी गोल जिन्याने ती तुरुतुरु पार वरच्या मजल्यावर गेली. हा मागे धापा टाकत.

“ही माझी खिडकी,” ती म्हणाली. “इथून कारंजं दिसायचं. आता मध्ये झाड आलंय.”

कँटीनमध्ये तिने एक घोट घेतला आणि खुदकन हसली. “चहा अजून तेवढाच पांचट आहे रे!”

त्याला हसू येईना. ती जितकी खूश होत होती, तितकी त्याला स्वतःची लाज वाटत होती.

शेवटी ते मुख्य इमारतीपाशी आले. तिथल्या मोठ्या दगडी पायऱ्या पदवीधरांच्या. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी अडवतही नव्हतं. पण पदवीआधी त्यांच्यावर पाय ठेवला तर पदवी कायमची हातची जाते, असं जो तो आपल्या मागून येणाऱ्याला सांगत आला होता. बाकीच्यांनी पायऱ्यांच्या बगलेतल्या बुटक्या दारातून वाकून आत जायचं. पदवीधर पहिल्यांदा चढायला लागला की आसपास असतील त्यांनी टाळ्या वाजवायच्या. आईवडील इथलेच पदवीधर असले तर तेही सोबत चढायचे, आणि मग टाळ्यांना ऊत यायचा.

“चल ना आई,” तो म्हणाला. न बोलावून कसं चालेल?

“नको रे बाबा. गुडघे. तू चढ, मी इथूनच बघते.”

त्याला सुटल्यासारखं वाटलं. निदान आपल्या खोटेपणात आईला शेजारी उभं करावं लागणार नव्हतं.

“या साहेब, मधोमध उभे राहा!” फोटोवाला वरून ओरडला.

त्याने पाय ठेवला. हिरवळीवर बसलेली पहिल्या वर्षाची मुलं लगेच उठली. कुणीतरी शिट्टी मारली. बिचारी अगदी मनापासून टाळ्या वाजवत होती. चार पायऱ्या चढेपर्यंत त्याचे कान तापले. त्याने मागे वळून पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते, आई तेवढी वाजवत नव्हती. ती त्याच्या पावलांकडे बघत होती.

तो खाली आला.

“अहो, फोटो?” फोटोवाला म्हणाला.

“आई, मी नापास झालोय.”

टाळ्या विरल्या.

“एका विषयात. गाऊन लंबूचा आहे. सगळं घर आशेवर बसलेलं, तुझा तो फोटो, बाबांचा खिळा... मला सांगायला तोंडच नव्हतं. आता तर मेल्याहून मेल्यासारखं झालंय.”

आईने त्याच्या अंगातून गाऊन काढून घेतला, नीट घडी करून हातावर टाकला.

“परत बसशील परीक्षेला?”

“बसेन.”

“बस. अर्धवट सोडू नकोस,” ती म्हणाली. तिने गाऊनची घडी पुन्हा सारखी केली. “चल, आत जाऊन तारीख विचारू.”

ती बुटक्या दाराकडे वळली. त्याने तिला थांबवलं. आपल्यापायी तिलाही खाली मान घालावी लागतेय, हे त्याला बघवेना.

“वाकून जायची वेळ माझ्यावर आलीय आई. तू कशाला? तू पायऱ्यांनी जा, तुझा हक्क आहे. गुडघे दुखत असतील तर हळूहळू चढ.”

आईने एकदा वर, त्या पायऱ्यांकडे पाहिलं.

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय. माझंही दार अजून हेच आहे,” ती म्हणाली, आणि मान वाकवून त्याच्या आधी आत शिरली.