गोदा मढवी, गैरहजर

“आई, टेन्शन नको घेऊ. सर नाव पुकारतील तेव्हा हात वर कर,” कल्याणच्या केंद्रावर सोडताना लेकीने जागृतीला बजावलेलं. बारावीच्या तोडीची परीक्षा पास झाली की नववीत शाळा सुटलेल्या तिला बीएला नाव घालता येणार होतं. पण मोहन्याहून निघाल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता. तिने माहेरच्या फिरकीच्या तांब्यातून पुन्हा घोट घेतला. “गोदा मढवी!” तरुण सर ओरडले. त्यांनी वर्गभर नजर फिरवली. “गोदा आहे का? गैरहजर टाकतो.” कसली बेफिकीर पोरगी म्हणायची! परीक्षेच्या दिवशी झोपा काढते? चडफडत तिने तांब्याचं झाकण फिरवलं आणि बोटांना कोरलेली अक्षरं लागली: ‘चि.सौ.कां. गोदा हिस मामांकडून’. सासूही गोदाच, म्हणून लग्नात हिचं नाव बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर जुनंच. हात वर करायचा विसरून ती शाळेतल्यासारखी ताडकन उठली. “हजर, बाई!”