ताईचं माप

स्क्रूची खाच झिजत आली, पण स्क्रू तसूभरही हलेना. शर्वाणीचा पारा चढला. ताईने नेमबाजी सोडून रायफल तिला दिली, पण या स्क्रूने पक्का केलेला दस्ता अजून ताईच्याच मापाचा. तो शर्वाणीच्या खांद्याला बसेना, आणि निवड चाचणी उद्यावर.

“आट्यांत गोंद ओतणारा कोण गाढव होता?” ती करवादली.

ताई सोल्डरिंग गन घेऊन आली. तापलेलं टोक तिने स्क्रूवर धरलं. गोंदाचा जळका वास सुटला.

“मीच ओतला. वाटलं, खांद्याच्या ऑपरेशननंतर परत येईन. तोवर माझं माप कुणी हलवू नये.”

उजवा हात साथ देईना, म्हणून तिने डाव्याने स्क्रूड्रायव्हर फिरवला. स्क्रू निमूट सुटला.

“लाव खांद्याला,” ताई म्हणाली. “तुझं माप घेऊ.”