अनधिकृत रस्ता

"खड्डा कुठाय?" जीपमधून उतरताच रस्तेखात्याच्या साहेबांनी विचारलं.

"तुम्ही आत्ता त्याच्यावरूनच आलात," शिंपी हसत म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला खड्डा त्याने आणि शेजाऱ्यांनी कालच दगडमुरूम टाकून बुजवला होता. सुनेचे दिवस भरले होते. गल्ली पुढे बंद, आणि खड्डा ओलांडून यायला अ‍ॅम्ब्युलन्सवाले तयार नव्हते. अर्ज करून करून चपला झिजल्या, तेव्हा कुठे आज खात्याला जाग आली होती.

शाबासकी राहिली बाजूला, साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुणाला विचारून बुजवलात? खड्डाच नाही तर मोजमाप कशाचं घेऊ? आणि मोजमाप नाही तर मंजुरी कशी मिळणार?"

"पण आता रस्ता झालाय ना, साहेब."

"हा रस्ता अनधिकृत आहे."

एरवी खात्याचा माणूस दिसेल तर शपथ, पण आज मजूर जीपमधूनच आले होते. त्यांनी खड्डा होता तसा करून दिला. खोली कमी वाटली म्हणून साहेबांनी आणखी हातभर खणून घेतलं. टेप लावला, फोटो काढले. खणणारे मजूर वेगळे, बुजवणारे वेगळे, आणि बुजवणारे मंजुरी आल्यावर येणार. खणणारे पहारी-फावडी खांद्यावर टाकून चालते झाले.

तेवढ्यात घरातून बायकोची हाक आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

अ‍ॅम्ब्युलन्स आली ती खड्ड्याच्या पलीकडेच थांबली. शिंप्याने शिलाई मशीनपुढची खुर्ची आणली, सुनेला बसवलं, आणि तो, मुलगा, शेजारीपाजारी सगळे खड्ड्यात उतरले. मधेच खुर्ची कलली, पोरगी किंचाळली. शिंप्याने खुर्ची सोडली नाही. साहेब टेप गुंडाळत होते. अखेर सून पलीकडे पोचली. मुलगा आणि सासू तिच्याबरोबर चढले, आणि गाडी गेली.

"निघाली की नाही वाट," साहेब समाधानाने म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, समोर पाहिलं आणि जीप बंद केली.

साहेब खाली उतरले. आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता. "मामा, कालच्यासारखा जरा बुजवता येईल का हो?"

शिंपी खड्ड्यातून वर आला, गुडघ्यांवरची माती झटकली.

"येईल की, साहेब. परवानगी तेवढी आणा."