ओठ हलवा, आवाज नको

"ओठ हलवा, आवाज नको," सहायक दिग्दर्शकाने नेहमीची सूचना केली आणि गर्दीतला तो नट समोरच्या बाईशी बिनआवाजी गप्पा मारू लागला. चार वर्षं तो मालिकेच्या नायिकेमागे, याच हॉटेलातल्या याच टेबलावर बसत होता. हॉटेल प्लायवुडचं होतं, कपात पाणी होतं आणि पडद्यावर त्याचा चेहरा कायम धूसर येत असे.

समोरच्या बाईला सगळे होयबाई म्हणत. कारण ती प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची. हाक मारली तर मात्र वळून बघत नसे. सहायक तिच्या खांद्याला हात लावून तिला जागेवर बसवी. बाई शिष्ट आहे, यावर सेटवर एकमत होतं.

ओठ हलवायचे म्हणून बाकीचे पाढे म्हणत. तो कादंबरी सांगे.

पहिली कादंबरी संपादकांनी परत पाठवली होती. भाषा बरी आहे, मरण पटत नाही, अनुभवातलं लिहा, असा शेरा होता. त्याच्या अनुभवात एक हृदयविकाराची थोरली बहीण होती आणि तिच्या गोळ्या. त्यामुळे नव्या कादंबरीतला भाऊ बहिणीच्या गोळ्या हळूहळू बदलत होता आणि ते 'मी' म्हणून सांगत होता.

सेटवर वहीला बंदी होती. घरी स्वयंपाक, धुणं आणि ताई. तेव्हा वाक्यं टेबलावरच घोळवायची, तोंडात बसली की एकदम कागदावर उतरवायची, असं त्याने ठरवलं होतं.

ताईला हे ठाऊक होतं. तो गोळ्या घेऊन आला की ती विचारी, "मारलंस का मला आज?"

"अजून नाही. पटायला हवं."

"उरक बाबा. मलाही कंटाळा आलाय."

आणि गोळ्या गिळून ती पाठ फिरवी.

भाऊ पहिल्यांदा गोळ्या बदलतो ते प्रकरण त्याने सांगितलं, त्या दिवशी होयबाईची मान डोलायची थांबली. तिचे डोळे भरून आले. त्याला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. ती आपल्या चेहऱ्याकडे बघूनच हेलावली, असं त्याने धरलं. आवाजाशिवाय एवढा परिणाम, मग छापून आल्यावर काय!

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम सावकाश सांगितलं. गोळ्या कुठल्या खणात, कुठल्या रंगाच्या, भाऊ आरशासमोर रडायची तालीम कशी करतो. तिने त्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही. शेवटचं प्रकरण झालं आणि ती कामावर यायची बंद झाली.

गुरुवारी सकाळी ताई झोपेतच गेली. डॉक्टर दोन वर्षं सांगतच होते.

तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले एक पोलीस अधिकारी आले आणि ताईच्या खुर्चीवर बसले. गोळ्या कुठे ठेवता, म्हणाले. त्याने खण उघडून दाखवला. अधिकाऱ्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"वरून दुसरा. बरोबर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या टेबलावरच्या बाई. लहानपणापासून ऐकू येत नाही त्यांना. ओठ वाचतात."

तो खाली बसला. मग म्हणाला, "साहेब, ती कादंबरी आहे."

"दाखवा."

त्याने कपाळाला बोट लावलं. अधिकाऱ्यांनी तेही टिपून घेतलं.

"कादंबरी लिहिताय, हे कुणाला माहीत होतं?"

"ताईला."

अधिकाऱ्यांनी होयबाईच्या वहीची झेरॉक्स त्याच्यापुढे सरकवली. वळणदार अक्षर, रोजची तारीख. एक शब्द गाळलेला नव्हता. आपली कादंबरी तो पहिल्यांदाच कागदावर पाहत होता. तिसऱ्या पानापर्यंत तो मधूनमधून अधिकाऱ्यांकडे बघत होता. नंतर तो अधिकाऱ्यांना विसरला, खणाला विसरला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला.

मरण पटत होतं.