स्टार्टरचं जेवण

ऐरोलीच्या निशांतने घरी सावरडो ब्रेड शिकायला घेतला. त्यासाठी बरणीत पीठ आंबवून स्टार्टर तयार केला आणि तो त्याला रोज न चुकता ताजं पीठ घालू लागला.

मग गोव्याची ट्रिप ठरली. त्याने उरणला आईला फोन केला, "चार दिवस राहायला ये ना."

वर्षभराने मुलाने बोलावलं म्हणून सुमतीताई हौसेने आल्या. निशांतने दारातच बरणी त्यांच्या हातात दिली आणि तो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आई, जेवण झालं वेळेवर?"

सुमतीताईंना भरून आलं. "हो रे बाळा, आत्ताच."

"तुझं नाही गं, स्टार्टरचं!"


"त्याचंच बघते," म्हणत सुमतीताईंनी तवा तापवला आणि बरणीतल्या पिठाच्या जाळीदार आंबोळ्या घातल्या.