एकही खाडा नाही

सुताराच्या बायकोने दोन्ही हात मास्तरांच्या काखेतून घालून त्यांच्या पाठीमागे घट्ट गुंफले होते. मास्तरांची हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली होती. दोघं तशीच उभी होती, आणि सुतार व्यायामशाळेच्या खिडकीचे गज धरून बाहेरून पाहत होता.

आपला संशय खोटा ठरावा असं त्याला वाटेभर वाटत होतं. तो खरा ठरला, तोही असा दिवसाढवळ्या.

बाईने जन्मात कधी व्यायाम केला नव्हता. गेल्या वर्षी एक दिवस तिने कॅनव्हासचे बूट आणले आणि मास्तरांच्या व्यायामशाळेत नाव घातलं. सुतार पोटभर हसला. नव्याचे नऊ दिवस, म्हणाला. त्याला अनुभव होता ना! त्याचे पाय लटपटायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही रोजचा व्यायाम सांगितला होता. त्याने धडाक्यात सुरुवात केली, गल्लीभर सांगत सुटला, आणि घरी पाहुणे आले त्या दिवशी जो खाडा पडला तो पडलाच. पायांचं हे सगळं हवेमुळे होतं, असं तो आता सांगायचा. डॉक्टर दुखणं समजावत होते तेव्हाही तो पुरतं ऐकायला थांबला नव्हता. दुकानात रंधा मारायचं काम पडलंय म्हणून मधूनच उठला होता. बायको तेवढी बसून राहिली होती.

पण बायकोचे नऊ दिवस काही संपेनात. पाऊस असो, डोकं दुखत असो, ती जायची. भाचीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पहाटे जाऊन आली आणि मग नटायला बसली. सुतार आधी हसायचा, मग गप्प झाला, मग जळायला लागला. भरलेलं पिंप ती एकटी सरकवायची. त्याला न उघडणारं बरणीचं झाकण ती बोलता बोलता फिरवायची, आणि पुन्हा सैलसं लावून त्याच्यापुढे ठेवायची, म्हणजे ते आपणच उघडलं असं त्याला वाटावं. ते त्याला कळायचं आणि जास्तच झोंबायचं. एकाच घरात तो दिवसेंदिवस उतरत होता आणि ती चढत होती.

त्यात मास्तरांचं पुराण. मास्तर म्हणतात, पाठ ताठ ठेवा. मास्तर म्हणतात, वजन कमरेने नाही, मांड्यांनी उचला. मास्तर म्हणतात, एक खाडा झाला की आठवड्याची कमाई जाते. घासाघासाला मास्तर. वहिनी हल्ली कॉलेजातल्या मुलीसारख्या दिसतात असं शेजारीण म्हणाली, तेव्हा सुताराला हातातला चहा कडू लागला. या वयात पुरे झालं, काय ते घरीच कर, असंही त्याने एकदा सुचवून पाहिलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधून निघाली.

आज तो तिच्या मागोमाग निघाला. भिंतींना हात लावत, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर टेकत त्याने अख्खा बाजार ओलांडला. इतकं तो कित्येक महिन्यांत चालला नव्हता. गोळ्यांना जे जमलं नाही ते मत्सराने करून दाखवलं.

आणि आता त्याला बायको हसताना दिसली. मास्तरांना धरून, घामाघूम होऊन, ती मोकळं हसत होती. असं हसू घराकडे फिरकून जमाना झाला होता.

त्याने दार ढकललं. काय बोलायचं ते सगळं वाटेतच जुळवून झालं होतं. पण पहिला शब्द फुटायच्या आत गुडघे गेले, आणि तो दाराजवळच्या बुटक्या बाकावर धपकन बसला. हात रेटून उठायला गेला. उठता येईना. पुन्हा गेला. मांड्या जणू दुसऱ्याच कुणाच्या होत्या. वजनं उचलणारी माणसं थबकून बघू लागली. ज्याला जाब विचारायला आला होता, तोच माणूस लगबगीने त्याला उठवायला पुढे झाला.

"थांबा मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

ती त्याच्यासमोर आली. पावलं फाकवून गुडघ्यांत वाकली. दोन्ही हात त्याच्या काखेतून घालून पाठीमागे गुंफले. त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवून घेतली. एक लांब श्वास घेतला, आणि ती उठली तसा तोही उठला, सबंधच्या सबंध.

सुताराला खिडकीतून काय दिसलं होतं ते आता कळलं. इतक्या लांबून आणलेल्या रागाचं काय करावं, हे मात्र कळेना. मास्तर म्हणाले, त्या वर्षभर वाळूची पोती उचलत होत्या, माणूस उचलणं आजच जमलं. तुमच्या वजनाचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच खुर्चीत बसलो.

"मला सांगायचं तरी," तो तिच्या खांद्यावरच पुटपुटला.

तुम्हाला ऐकायचं कुठे होतं, ती म्हणाली. तिने त्याला अजून सोडलं नव्हतं. मग त्याच्या कानाशी, इतरांना ऐकू जाणार नाही असं, तिने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. पुढे पुढे यांना कुणीतरी उचलूनच उठवावं लागेल, आतापासूनच एखादी नर्स बघून ठेवा, असं ते म्हणाले होते.

"मग ठेवायची एखादी नर्स. एवढे कष्ट कशाला केलेस?"

"दुसऱ्या बाईने तुम्हाला असं धरलेलं मला बघवलं नसतं."